आधी सासऱ्यांचं रिटर्न भरा

प्रश्न : ताई, मी अकलूजला राहते. वय ३६, बी.कॉम. झाले २०११ साली. सहा वर्षं एका पतसंस्थेत काउंटरवर होते, जुळी मुलं झाल्यावर सोडलं. आता मुलं तिसरीत गेलीत. घरात बसून लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून द्यावीत असं मनात आहे. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, सासरे एसटीतून निवृत्त, घरचा थोडा ऊस. इथल्या एका क्लासवाल्यांनी तीन महिन्यांच्या कोर्सचे ३५ हजार सांगितलेत. त्यांचं सर्टिफिकेट असल्याशिवाय हे काम करताच येत नाही म्हणतात. खरं आहे का? नसेल तर सुरुवात कुठून करू? आणि घरखर्चाला हातभार लागेल इतकं मिळतं का यात?

उत्तर : ३५ हजार आहेत तिथेच राहू द्या. दुसऱ्याचं रिटर्न भरून द्यायला आपल्याकडे कुठलाही परवाना लागत नाही. ऑडिट सीएनेच करायचं असतं, ते आपलं काम नव्हेच. पण पगारदार, पेन्शनर, छोटे दुकानदार यांचं रिटर्न त्यांच्या लॉगिनमधून, त्यांच्या समोर बसून भरून द्यायला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही. क्लास वाईटच असतात असं मी म्हणत नाही. पण 'याशिवाय करताच येत नाही' हे ज्यांनी तुम्हाला सांगितलं, ते उद्या आणखी काय काय सांगतील याचा विचार करा.

सरकारने स्वतः एकदा असं शिक्षण काढलं होतं, आणि मी त्यातूनच आले. २००६ साली प्राप्तिकर कायद्यात १३९बी हे कलम घातलं आणि 'टॅक्स रिटर्न प्रिपेअरर' नावाची योजना आणली. पदवीधर मुलामुलींना शिकवायचं, ओळख क्रमांक द्यायचा आणि त्यांनी छोट्या करदात्यांची रिटर्नं भरून द्यायची, अशी कल्पना. आम्ही टीआरपी. सांगलीत मी कुणाला 'मी टीआरपी आहे' म्हटलं की पहिला प्रश्न यायचा, 'कुठल्या मालिकेचा?' मानधन सरकार द्यायचं : नव्या करदात्याने भरलेल्या कराच्या पहिल्या वर्षी ३ टक्के, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी १, आणि तेही जास्तीत जास्त १,००० रुपये. रक्कम २५० च्या खाली गेली तर वरची भर करदात्याकडून घ्यायची मुभा होती. यावर कुणाचं घर चाललं असेल असं मला वाटत नाही, माझं तरी नाही. रिटर्नच्या फॉर्मच्या तळाशी टीआरपीच्या सहीचा रकाना असायचा. त्यात पहिल्यांदा सही केली त्या दिवशी मात्र मी घरी पेढे आणले होते. तुम्ही नव्या बॅचची वाट बघत बसू नका. जे शिकायचं ते तुमच्या घरातच पडलेलं आहे, तेही तीन प्रकारचं.

पहिले सासरे. त्यांची पेन्शन बेताची असेल, पण निवृत्तीचे पैसे एफडीत असणार. प्राप्तिकराच्या पोर्टलवर त्यांच्या पॅनने लॉगिन करा (तुमच्या मोबाइलवर नाही, त्यांच्याच नंबरवर) आणि २६एएस व एआयएस असे दोन कागद उतरवून घ्या. २६एएस म्हणजे त्यांच्या नावावर कापलेल्या-भरलेल्या कराचा उतारा. एआयएस म्हणजे वर्षभरात त्यांच्या पॅनवर कुणी काय काय नोंदवलं त्याची यादी. व्याज, डिव्हिडंड, शेअर, जमिनीचा व्यवहार, सगळं येतं. मग पासबुक आणि एफडीच्या पावत्या घेऊन ओळ न् ओळ जुळवा. पहिला धक्का इथेच बसेल. पाच वर्षांची, शेवटी एकदम पैसे देणारी एफडी असते ना, तिचं व्याज हातात पाच वर्षांनी पडतं, पण बँक ते दर वर्षी त्यांच्या नावावर दाखवते आणि टीडीएसही, म्हणजे आधीच कापून घ्यायचा करही, दर वर्षी कापते. सासरे म्हणतील, 'मला एक पैसा मिळाला नाही.' कागद म्हणेल, मिळाला. ज्येष्ठांचं एका बँकेतलं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की टीडीएस लागतो (एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ५० हजार होती). समजा व्याज १,१८,००० आहे, कापले ११,८००, आणि पेन्शन धरून सगळं उत्पन्न ४ लाखांच्या आत. म्हणजे कर मोजायच्या नव्या पद्धतीत (वजावटी कमी, पण दरही कमी) कर शून्य, आणि रिटर्न भरलं तर ते ११,८०० परत. एप्रिलमध्ये बँकेत १५एच, म्हणजे 'मला कर लागत नाही, कापू नका' असा फॉर्म, दिला असता तर कापलेच नसते, हे दुसरं शिक्षण. सासऱ्यांच्या खात्यात परतावा जमा झाला की तुमची जाहिरात एसटी पेन्शनरांच्या कट्ट्यावर आपोआप होईल.

दुसरे मिस्टर. त्यांचा 'फॉर्म १६', म्हणजे पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा दाखला, जूनच्या मध्याला हातात येईल. पोर्टलवर आकडे आधीच भरून आलेले दिसतात आणि नवशिक्याला वाटतं, झालं काम. तसं करू नका. आधी वहीत हिशेब करा, जुन्या पद्धतीने एकदा, नव्या पद्धतीने एकदा. २०२५-२६ या वर्षासाठी एक उदाहरण देते, तेवढं स्वतः सोडवून बघा. पगार १२,८५,०००. नव्या पद्धतीत प्रमाणित वजावट ७५ हजार, उरले १२,१०,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के म्हणजे ४० हजार, वरच्या १० हजारांवर १५ टक्क्यांनी दीड हजार. झाले ६१,५००. पण १२ लाखांपर्यंत तर कर शून्य! मग १० हजार जास्त मिळवले म्हणून साडेएकसष्ट हजार भरायचे? नाही. १२ लाखांच्या वर जेवढे मिळवले त्याहून जास्त कर घ्यायचा नाही, अशी सवलत आहे. म्हणून कर १०,०००, त्यावर ४ टक्के सेस, एकूण १०,४००. हे गणित संगणक करतोच. पण समोरचा गुरुजी 'कसं काय?' विचारेल तेव्हा तुम्हाला सांगता आलं पाहिजे. फॉर्म तर आजकाल कुणाचा भाचाही भरून देतो, गुरुजी तुमच्याकडे येतील ते हे समजून घ्यायला.

गुरुजींचीच आणखी एक गोष्ट. मागच्या वर्षांच्या पगारफरकाची थकबाकी एकरकमी मिळाली असेल तर कलम ८९ची सवलत (एकदम आलेल्या पैशांमुळे वाढलेला कर कमी करणारी) बघायची, आणि त्यासाठी १०ई हा फॉर्म रिटर्नच्या आधी भरायचा. रिटर्न आधी आणि १०ई नंतर, किंवा १०ई नाहीच, असं झालं की सवलत कापून मागणीची नोटीस येते. अकलूजच्या पंचक्रोशीत किती शिक्षक आहेत बघा. हा एक फॉर्म नीट शिकलात तरी तुमचं नाव होईल.

तिसरा ऊस. इथे नव्या माणसाची हटकून चूक होते. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून ते लिहायचंच नाही असा समज आहे. ते लिहायचं असतं. निव्वळ शेती उत्पन्न वर्षाला ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१, म्हणजे रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म, ज्याला 'सहज' म्हणतात, तो चालतच नाही, आयटीआर-२ लागतो. शेतीवर कर बसत नाही, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर काढताना ते धरलं जातं. तेव्हा आधी विचारायचं, सातबारा कुणाच्या नावावर, कारखान्याचं बिल कुणाच्या खात्यात, बेणं-खत-तोडणीचा खर्च किती. कारखान्याची बिलं एका पाकिटात घालून त्या वर्षाच्या कागदांत ठेवा.

या तीन रिटर्नांनंतर भावाचं, नणंदेचं, माहेरच्यांचं. पहिल्या सीझनला दहा-बारा करा, पैसे न घेता. दुकानदार आला तर आयटीआर-४ शिका, अंदाजित नफ्याचा, म्हणजे नफा उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी धरायचा : रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर ६. शेअर बाजारात फ्युचर-ऑप्शन करणारा कुणी आला तर पहिली दोन वर्षं हात जोडा. तो धंदा धरला जातो, आयटीआर-३ लागतो, आणि त्या पोरांना स्वतःलाच आपण किती वेळा काय घेतलं-विकलं ते आठवत नसतं.

अभ्यासाला काय वाचायचं? पोर्टलवर प्रत्येक फॉर्मच्या सूचना असतात, त्या वाचा. कंटाळवाण्या आहेत, तरी वाचा. आणि एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा : १ एप्रिल २०२६. त्या दिवसापासून १९६१चा कायदा जाऊन प्राप्तिकर कायदा २०२५ लागू. कलमांचे आकडे बदलले. आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेलं, बचतीच्या वजावटीचं ८०सी तिथे १२३ झालंय. 'मागचं वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' हा घोळ जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं. म्हणजे तुम्हाला दोन्ही शिकायचेत. एका अर्थाने तुमचं नशीब चांगलं. नव्या कलमांच्या बाबतीत आम्ही जुनी खोडंही तुमच्याच बाकावर बसलोय.

माझी एक चूक सांगते, कारण ती अजून टोचते. रिटर्न भरलं म्हणजे संपलं असं मी सुरुवातीला समजायचे. तेव्हा पोचपावतीवर करदात्याची सही घेऊन ती बेंगळुरूला टपालाने पाठवावी लागे, १२० दिवसांच्या आत. एका निवृत्त परिचारिकाबाईंची पावती मी, चांगलं काम करावं म्हणून, जास्तीचे पैसे घालून कुरिअरने पाठवली. तिथे साधं टपाल किंवा स्पीड पोस्टच घेत. सूचनेत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. पाकीट परत आलं ते शेजारच्यांनी घेऊन ठेवलं, आम्ही लग्नाला गेलेलो. मुदत गेली. त्यांचा ११ हजारांचा परतावा अडकला, पुन्हा उशिराचं रिटर्न भरलं, पैसे यायला वर्ष गेलं. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी आल्याही नाहीत. आता आधार ओटीपीने दोन मिनिटांत पडताळणी होते, पण मुदत ३० दिवसांची झालीय, आणि उशीर झाला तर ५,००० रुपये लागू शकतात (उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००). म्हणून माणूस खुर्चीतून उठायच्या आधी ओटीपी. म्हाताऱ्यांचा आधार पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलला जोडलेला असतो. त्या मुलाला आधीच फोन करून ठेवायचा, तो मीटिंगमध्ये असतो.

आता पैसे. मी साध्या पगारी रिटर्नचे ५०० घेते, पेन्शनरांचे ३००, शेअर विकले असतील तर १,०००. तुम्हाला दुसऱ्या सीझनला वीस माणसं मिळाली तर झाले दहा हजार, वर्षाचे. घरखर्चाला हातभार म्हणाल तर नाही, मुलांच्या वह्या-दप्तरांना होईल. मला चाळिशीच्या पुढे जायला चार सीझन लागले. माझ्या वयाची नाही, रिटर्नांची चाळिशी. काम जूनच्या मध्यापासून ३१ जुलैपर्यंत असं अंगावर येतं की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, आणि नंतर शांत. २०२५ साली मुदत १५ सप्टेंबर आणि मग आणखी एक दिवस वाढवली, तेव्हा गणपतीत आरतीला बसलेले लोक फॉर्म १६ खिशात घेऊन आले होते. वर्षभर काम हवं असेल तर पुढे तिमाही टीडीएस आणि जीएसटी शिका. जीएसटीला मात्र प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी आणि 'नासिन' या केंद्र सरकारच्या अप्रत्यक्ष करांच्या अकादमीची परीक्षा आहे, तुमच्या बी.कॉम.वर देता येते. कमाई सुरू झाली की स्वतःचा व्यवसाय कर, वर्षाला अडीच हजार, आणि स्वतःचं रिटर्न. हसू नका, लोकांची भरून देणारे आपलं भरत नाहीत असं मी पुष्कळ पाहिलंय.

घरातून करायचं तर टेबल वेगळं ठेवा. माझं टेबल म्हणजे शिलाई मशीन होतं, झाकण लावून. एकदा नवऱ्याने कुणाच्या तरी पॅन कार्डाच्या झेरॉक्सवर कांदाभजी काढून ठेवली. तेव्हापासून कुलपाचा कप्पा. वेळ ठरवून पाटी लावा, नाहीतर 'वहिनी, जेवण झालं असेल ना' म्हणत रात्री साडेदहाला येतात. आणि गावात हे काम करताना तोंडाला सगळ्यात मोठं कुलूप. कुणाच्या सुनेचा पगार मुलापेक्षा जास्त, कुणाचा गुपचूप विकलेला प्लॉट, कुणाच्या एफड्या, सगळं तुम्हाला कळणार. हळदीकुंकवाला यातलं अर्धं वाक्य जरी निसटलं तरी पुढच्या जूनमध्ये दारात चप्पल दिसणार नाही.

प्रश्न : मी गेल्या वर्षीपासून ओळखीच्यांची रिटर्नं भरते. एक जण हट्ट धरून बसलेत : ऑफिसमधल्या मित्राला ४० हजार परतावा आला, मलाही राजकीय पक्षाच्या देणगीची आणि घरभाड्याची वजावट दाखवून द्या. मी नाही म्हटलं तर ते दुसरीकडे जातील आणि आणखी चौघांना नेतील. आकडे त्यांनीच दिले असतील तर माझ्यावर काही येतं का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : जाऊ द्या त्यांना. चौघांसकट.

येतं. खोटं रिटर्न भरायला मदत करणाऱ्यालाही शिक्षा आहे, १९६१च्या कायद्यात कलम २७८. करदात्याला वेगळं : चुकीची माहिती दिली म्हणून बुडवलेल्या कराच्या दुपटीइतका दंड होऊ शकतो. आणि पकडणार कोण, असं म्हणायचे दिवस गेले. १४ जुलै २०२५ ला खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी एकाच वेळी तपासणी केली, महाराष्ट्रातही, आणि ती बड्या उद्योगपतींकडे नव्हती. तुमच्या-माझ्यासारख्या रिटर्नं भरून देणाऱ्यांकडे आणि दलालांकडे होती. त्याच्या आधीच्या चार महिन्यांत ४० हजारांवर करदात्यांनी आपणहून रिटर्नं दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. त्या तपासात आणखी एक प्रकार निघाला : काहींनी ढिगाने रिटर्नं भरायला तात्पुरते ईमेल उघडले आणि काम झाल्यावर सोडून दिले. नोटिसा त्या बेवारस पत्त्यांवर गेल्या, करदात्याला पत्ताच नाही. म्हणून मी मघाशी म्हटलं, फोन नंबर करदात्याचाच. ईमेलही त्याचाच.

सगळ्यालाच नाही म्हणायचं असं नाही. ते गृहस्थ आईच्या घरात राहतात आणि तिला खरोखर भाडं देतात का, विचारा. खात्यातून देत असतील, आई ते आपल्या उत्पन्नात दाखवत असेल, जुनी पद्धत निवडली असेल, तर दावा खरा आहे. वर्षाला १ लाखाच्या वर भाडं असेल तर आईचा पॅन लागेल. देणगीचं तसंच. चेकने किंवा बँकेतून दिली, पावती आहे? मग जरूर दाखवा. मी वाद घालत नाही, फक्त 'पावती आणा' म्हणते. दहातले आठ जण 'आणतो' म्हणून जातात.

आणि रिटर्न पाठवायच्या आधी मसुदा त्यांना व्हॉट्सॲपवर धाडा, 'आकडे तपासले, बरोबर आहेत' एवढं उत्तर आलं की मगच पुढे. पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवू नका. माझ्याकडे पूर्वी तशी वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. ती मी बंबात घातली.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो, वय ६१, बी.कॉम. हे काम आता शिकणं जमेल का? आणि गरज पडली तर करदात्यातर्फे अधिकाऱ्यासमोर उभं राहता येतं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : व्याज आणि टीडीएस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार, निम्मं शिक्षण झालेलंच आहे. उभं राहण्याचं म्हणाल तर कॉमर्स किंवा लॉची पदवी असलेल्याला करदात्याचा प्रतिनिधी होता येतं, १९६१च्या कायद्यात कलम २८८ आणि त्याखालच्या नियमांत तशी सोय आहे. करदात्याचं अधिकारपत्र लागतं. अर्थात आता बहुतेक प्रकरणं फेसलेस, अधिकारी कोण आणि कुठल्या शहरात बसलाय हेही कळत नाही. काळी बॅग घेऊन आयकर भवनात जायची हौस असेल तर ती फारशी फिटणार नाही. सगळा खेळ पोर्टलवर मुदतीत उत्तर टाकण्याचा आणि कागद नीट जोडण्याचा, आणि तिथे जरा जास्त वेळ विचार करत बसलं की लॉगिन आपोआप बंद पडतं, टाइप केलेलं जातं. म्हणून उत्तर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा. चष्म्याचा नंबर जूनच्या आधी तपासून घ्या.